गावातल्या वर्कशॉपला टेक्ला लागते का? दोन सूत सरकलेल्या भोकांपासून सुरुवात करू

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यात मामांचे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप. विचारणारा भाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. आजवर सगळे शेड जागेवर वेल्डिंग करून उभे केले, मागच्या वेळी पहिल्यांदा बोल्टचा शेड केला. कण्यावर दोन राफ्टर (छताचे तिरपे गर्डर) जोडताना आठपैकी वरचे चार बोल्ट बसले, खालची चार भोके दोन सूत, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर, सरकलेली निघाली. हायड्रा क्रेन तासाच्या भाड्यावर उभी, म्हणून शेवटी गॅसने भोके मोठी केली. आता शेतकरी उत्पादक कंपनीचे १८ बाय ३६ मीटरचे गोदाम हातात आले आहे. टेक्ला, म्हणजे स्टीलचे थ्री-डी मॉडेल करून त्यातून ड्रॉइंग काढणारे सॉफ्टवेअर, शिकावे का, त्याने हा घोळ थांबेल का, की दुसरे काही घ्यावे, आणि मामा म्हणतात तसे खडू-दोरीवरच राहावे का?

भाऊ, मी बावीस वर्षे स्टील डिटेलिंग (वर्कशॉपसाठी एकेका तुकड्याची ड्रॉइंगे काढण्याचे काम) करतो आहे. आधी बुटीबोरीत, मधली काही वर्षे पुण्यात, आता हिंगणघाटला घरूनच. तुमचा प्रश्न वाचल्यावर सॉफ्टवेअरच्या आधी त्या चार भोकांवरच बोलावेसे वाटले, कारण त्यात अर्धे उत्तर आहे.

वरची चार बसली आणि खालची चार एकाच मापाने सरकली, यावरून एक गोष्ट जवळजवळ नक्की सांगता येते. तुमच्या स्केचवर वरच्या भोकांचे माप प्लेटच्या वरच्या कडेपासून दिलेले असणार आणि खालच्या भोकांचे खालच्या कडेपासून. कागदावर ते सुंदर दिसते, वर ४०, खाली ४०. पण प्लेट हाताने गॅसवर कापलेली. एक निघाली ५४१ ची, दुसरी ५४७ ची. मार्किंग करणाऱ्याने दोन्हीकडे प्रामाणिकपणे ४० धरले आणि सहा मिलिमीटरचा फरक नेमका मधल्या अंतरात जाऊन बसला. एम-२० बोल्टला आयएस ८०० या स्टील बांधकामाच्या भारतीय कोडप्रमाणे २२ चे भोक असते, म्हणजे खेळ फक्त दोन मिलिमीटरचा. सहा कुठून सामावणार? जुन्या प्लेटा वर्कशॉपात पडल्या असतील तर टेप लावून बघा. माझा अंदाज बरोबर निघाला, तर यात वेल्डरचा दोष नाही, फिटरचाही नाही. दोष ड्रॉइंगवर माप कुठून दिले याचा आहे.

उपाय साधा आहे. सगळी मापे एकाच कडेपासून, चढत्या क्रमाने द्यायची: ४०, ११०, ४३०, ५००. याला रनिंग डायमेन्शन म्हणतात. मग प्लेट तीन मिलिमीटर लांब निघो की आखूड, भोकांची आपापसातली अंतरे बिघडत नाहीत. आणि ती कड दोन्ही प्लेटांना एकच हवी. राफ्टरची वरची फ्लँज (आडवी पट्टी) जिथे प्लेटला टेकते ती रेषा धरली तर सगळ्यात चांगले, कारण छताचा उतार तीच ठरवते. याहून पक्के काम हवे असेल तर जोडीच्या दोन प्लेटा एकमेकींवर क्लॅम्प करून एकदम ड्रिल मारा आणि दोघींवर एकच नंबर पंच करा.

आता सॉफ्टवेअरने हे थांबते का? मॉडेलमध्ये दोन्ही प्लेटा एकाच बोल्ट-ग्रुपने जोडलेल्या असतात. एक भोक हलवले की समोरचे आपोआप हलते. त्या बाबतीत घोळ होऊच शकत नाही. पण त्या मॉडेलमधून जो सिंगल पार्ट ड्रॉइंगचा कागद निघतो त्यावर मापे कशी टाकायची हे सेटिंग तुम्ही ठरवता. मी अशी ड्रॉइंगे पाहिली आहेत की मॉडेल अगदी बिनचूक, आणि कागदावर वर ४० खाली ४०. म्हणजे तुमचाच घोळ, फक्त छापील.

माझे म्हणणे सगळे याच्याभोवती आहे: डिटेलिंग म्हणजे वर्कशॉपात आणि साइटवर फिटर जो जो प्रश्न विचारेल, त्याचे उत्तर त्याने विचारण्याआधी देऊन ठेवणे. सॉफ्टवेअर तुम्हाला ते प्रश्न दाखवते. उत्तरे तुम्हाला यावी लागतात.

मामा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची कैची काढतात ना? तेही मॉडेलच आहे, एकास एक मापाचे. त्यात सेंटर लाइन असते, गसेट प्लेट (सांध्यावरची जोडपट्टी) तिथेच ठेवून आखली जाते, वेल्डला जागा पुरते का हे डोळ्यांना दिसते. मी टेक्ला शिकायच्या आधी वर्षभर एका मिस्त्रींच्या हाताखाली अशा फरशीवर दोरी मारली. आजही स्क्रीनवर एखादा जोड मनात बसत नसला की तीच फरशी डोळ्यांपुढे आणतो. तेव्हा मामांना बाजूला सारून संगणकासमोर बसू नका, त्यांना शेजारी बसवा. एम-२० च्या साध्या नटाला ३० चा पाना लागतो, आणि तो पाना फिरायला जागा लागते. वेबला (गर्डरच्या मधल्या उभ्या पट्टीला) चिकटून बोल्ट दिला तर मॉडेल तक्रार करणार नाही, मामा करतील. तुकडे एकमेकांत घुसतात का ते बघणारी क्लॅश-चेक नावाची सोय असते, पण पान्यासाठी किती मोकळी जागा हवी हे आधी आपण तिला सांगावे लागते.

फरशीची अडचण दुसरीकडे आहे. तुमच्या गोदामात सहा मीटरच्या सहा खणांच्या सात फ्रेम, म्हणजे चौदा खांब. टोकाच्या फ्रेमला शेवटच्या भिंतीचे खांब आणि भिंतीचा पत्रा धरणाऱ्या रनरच्या क्लीट (छोटे आधार), मधल्यांना वेगळे, आणि ब्रेसिंगच्या खणातल्या खांबांना गसेट जास्तीचा. शिवाय डावा-उजवा. हाताच्या स्केचवर आपण ‘एक असा, एक उलट’ लिहितो आणि वर्कशॉपात दोन्ही ‘असेच’ बनतात. डिटेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबरिंग चालवले की ते प्रत्येक तुकडा तपासते. हुबेहूब सारख्या तुकड्यांना एक मार्क (ओळख नंबर), आणि आरशातल्यासारख्या उलट्या तुकड्याला वेगळा मार्क. माझ्या मते लहान वर्कशॉपला सगळ्यात मोठा फायदा या एका गोष्टीचा आहे. थ्री-डी चित्र गिऱ्हाइकाला आवडते खरे, पण पैसे वाचतात ते या मार्कांमुळे.

कोणते घ्यायचे? टेक्ला ही मूळची फिनलंडची कंपनी, १९६६ सालची. तिच्या स्टीलच्या सॉफ्टवेअरला आधी एक्सस्टील म्हणत, २००४ मध्ये त्याचे टेक्ला स्ट्रक्चर्स झाले, आणि २०११ पासून ती ट्रिंबलकडे आहे. जुने लोक अजून एक्सस्टीलच म्हणतात, गोंधळू नका. त्यात भारतीय सेक्शन असलेले इंडिया एन्व्हायर्नमेंट मिळते. ऑटोडेस्कचे ॲडव्हान्स स्टील ऑटोकॅडवर चालते. डिप्लोमात ऑटोकॅडवर हात बसला असेल तर ते लवकर जमते. एसडीएस/२ अमेरिकेतल्या नेब्रास्काचे, जोडांचे डिझाइन स्वतः करण्यासाठी नावाजलेले. तिकडच्या कामाची नोकरी धरायची असेल तर त्याचा विचार करा, गोदामाला गरज नाही.

लायसन्सची किंमत गावातल्या वर्कशॉपला झेपणारी नसते, हे मी उघड सांगतो. शिकण्यासाठी टेक्लाचे विद्यार्थ्यांचे लायसन्स मिळते, पण त्यावर धंद्याचे काम करायचे नसते. आणि क्रॅक केलेली आवृत्ती वापरू नका. त्यात मॉडेल कधी उघडेनासे होईल याचा भरवसा नाही, आणि ज्याचे आयुष्य सॉफ्टवेअर बनवण्यात गेले त्याचेही पोट आहे. हे गोदाम तुम्ही साध्या टू-डी ड्रॉइंगवर किंवा मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडवर करू शकता, सात फ्रेमचेच काम आहे. त्याच वेळी शिकण्याच्या लायसन्सवर तेच गोदाम सरावासाठी मॉडेल करा. खरे काम आणि सराव शेजारी-शेजारी चालले की दोन महिन्यांत जे येते ते क्लासच्या सहा महिन्यांत येत नाही. वर्षाला असे सात-आठ शेड मिळू लागले की लायसन्स घ्या, किंवा नागपूरच्या एखाद्या डिटेलरकडून टनाच्या दराने काम करून घ्या.

शिकताना एक सांभाळा. टेक्लात नंबराने ओळखले जाणारे तयार जोड असतात. एंड प्लेटचा १४४, क्लिप अँगलचा १४१, बेस प्लेटचा १००४. दोन मेंबरवर क्लिक केले की क्षणात जोड तयार. मोह पडतो. पण कडेचे अंतर २५ ठेवले तरी जोड बनतोच. आयएस ८०० काय सांगतो? कड हाताने गॅसवर कापलेली किंवा शिअर केलेली असेल तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या १.७ पट, मशीनने कापलेली असेल तर १.५ पट. २२ च्या भोकाला पहिल्या बाबतीत साडेसदतीसच्या आसपास, म्हणून आपण ४० धरतो. दोन बोल्टांमधले अंतर बोल्टच्या व्यासाच्या अडीच पट, म्हणजे कमीत कमी ५०. हे आकडे तोंडपाठ नसतील तर क्लिक करून काय उपयोग? आणि त्याच कोडप्रमाणे गॅसने भोक पाडायचे नसते. मागच्या शेडमधली ती चार भोके एकदा डिझाइन इंजिनिअरला दाखवून घ्या, मोठ्या जाड प्लेट वॉशरने भागते की प्लेट बदलावी लागते ते तो ठरवेल. हे टाळू नका.

तो इंजिनिअर या गोदामालाही लागेलच. टेक्ला किंवा ॲडव्हान्स स्टील खांब पुरेसा आहे की नाही हे तपासत नाही. ते काम स्टाडसारख्या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचे आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या सहीचे. आयएस ८७५ या भाराच्या भारतीय कोडच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडे वावटळी आणि गारपीट येते तेव्हा शेड वजनाने खाली बसत नाही, वर उचलला जातो. कास्तकाराची तूर आणि सोयाबीन त्या पत्र्याखाली असते. ‘ब्रेसिंगचे चार अँगल कमी करा’ असे कोणी म्हटले तर करू नका, आणि पायाच्या काँक्रीटमध्ये रुतवलेल्या अँकर बोल्टची लांबी स्वतःच्या मनाने तर कधीच कमी करू नका.

अँकर बोल्टवर जरा थांबतो, कारण बोल्टचे शेड इथेच फसतात.

चौदा खांब, प्रत्येकी चार बोल्ट, म्हणजे छप्पन्न. ते स्टीलवाला बसवत नाही, गवंडी बसवतो. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर लागला की मोकळा बोल्ट हलतोच. म्हणून चार बोल्टांना वर आणि खाली धरणारी टेम्पलेट प्लेट तुम्ही वर्कशॉपातून बनवून द्या आणि काँक्रीट होईपर्यंत स्वतः उभे राहा. नंतर सगळ्या छप्पन्न बोल्टांची खरी जागा मोजा. फक्त शेजारच्या बोल्टापासूनचे अंतर घेऊन चालत नाही. ग्रिडपासून (ड्रॉइंगवरच्या आधाररेषांपासून) माप घ्या, शिवाय चारही कोपऱ्यांचे कर्ण घ्या. १८ आणि ३६ चा कर्ण ४०.२५ मीटर येतो. आणि बोल्टांची टोके किती वर आहेत ते ट्यूब लेव्हलने बघा. काळ्या मातीत पाया असेल तर पेडेस्टलची (खांबाखालच्या काँक्रीटच्या ओट्याची) उंची पावसाळ्यानंतर पुन्हा तपासा, ती माती फुगते आणि आकसते. ही खरी मापे हातात आल्यावरच बेस प्लेटची भोके मारा. मी तर खऱ्या बोल्टांच्या जागा मॉडेलमध्ये वेगळ्या रंगाने टाकतो. सात मिलिमीटर सरकलेला बोल्ट ऑफिसात सापडला तर एक रेघ बदलते. हायड्रा लावल्यावर सापडला तर दिवस जातो.

मोजण्याचेही सांगतो. टेपचा पुढचा हुक झिजलेला असतो म्हणून मिस्त्री ‘शंभर धरून’ मोजतात, शून्याऐवजी १०० च्या खुणेवर टेप धरतात आणि शेवटी १०० वजा करतात. वजा करायचे राहिले की अख्खा क्लीट दहा सेंटिमीटर इकडे. माझ्या पहिल्या स्वतंत्र कामात, जिनिंगच्या शेडवर, एका खांबाच्या पाचही क्लीट अशाच खाली गेल्या होत्या. ड्रॉइंग बरोबर होते, पण मी त्यावर तपासणीचे माप दिले नव्हते, शेवटच्या क्लीटपासून खांबाच्या माथ्यापर्यंत किती उरले पाहिजे ते. ते असते तर वेल्डिंगच्या आधीच कळले असते. तेव्हापासून प्रत्येक खांबावर मी ते शेवटचे माप कंसात देतो आणि मार्किंग करणाऱ्याला उलट्या बाजूने एकदा ताडून बघायला सांगतो.

उन्हाचे आपल्याकडे विसरून चालत नाही. पोलादाची लांबी दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते. सकाळी २८ अंशाला असलेले लोखंड मे महिन्यात दुपारच्या उन्हात ५८ पर्यंत सहज जाते. ३६ मीटरच्या ओळीत तेरा मिलिमीटरचा फरक पडतो. सहा खणांत वाटला तर खणाला दोन. म्हणून पर्लिनच्या (छताचा पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) टोकाला लांबट भोके द्या, खांबांची ओळ आणि ओळंबा सकाळी लवकर बघा, आणि एका कामाला एकच टेप ठेवा.

वजनाचे एक उदाहरण देतो, कारण तुमचा हिशेब किलोवर चालतो. आयएसएमबी ३०० या ३०० मिमी उंच, आय आकाराच्या गर्डरचे वजन जुन्या तक्त्यात मीटरला ४४.२ किलो आहे, नंतरच्या तक्त्यात ४६. मॉडेलच्या कॅटलॉगमध्ये एक, इंजिनिअरच्या पुस्तकात दुसरे, आणि रायपूरहून आलेल्या मालाचे काट्यावर तिसरेच. चौदा खांब सहा मीटरचे धरले तरी फक्त या दोन तक्त्यांत दीडशे किलोचा फरक पडतो. कोणते वजन धरायचे, काट्याचे की ड्रॉइंगचे, हे कामाआधी कंपनीच्या संचालकांशी लिहून घ्या. मॉडेलमधली यादी दोन वजने देऊ शकते. गसेटचा कोपरा कापल्यानंतरचे निव्वळ, आणि ज्या चौकोनातून तो कापला त्याचे. माल मागवताना दुसरे धरायचे. हाताने ताडायचे असेल तर प्लेटसाठी लांबी गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५. ३०० बाय ३०० ची २० मिमीची बेस प्लेट १४.१३ किलो येते. यादीत हा आकडा दिसला नाही तर काहीतरी चुकले आहे.

एक मधला मार्ग सुचवतो, जो मी दोन-तीन गावांतल्या वर्कशॉपांना करून दिला आहे. सगळ्या एंड प्लेटा, बेस प्लेटा आणि गसेट यांच्या डीएक्सएफ फाइली (कटिंग मशीन वाचते अशी ड्रॉइंगे) काढा आणि नागपूरला सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, कटिंग जॉबवर द्या. कड सरळ, माप एकसारखे, तुमच्या ५४१-५४७ च्या भानगडीचे मूळच जाते. बोल्टची भोके मात्र त्या मशीनच्या प्लाझ्मा ज्योतीवर पूर्ण करू नका. फक्त मध्याची खूण मारून घ्या आणि वर्कशॉपात मॅग-ड्रिलने (चुंबकाने चिकटणाऱ्या ड्रिलने) पाडा, कारण प्लाझ्माचे भोक वरून-खालून सारखे येत नाही. मोठ्या कारखान्यांत हीच माहिती डीएसटीव्ही नावाच्या फाइलींतून थेट ड्रिलिंग मशीनला जाते. तुम्हाला आज तेवढे लागत नाही, पण शिकताना ती फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. भोकाचा क्ष, य आणि व्यास अक्षरशः ओळीने लिहिलेले दिसतात, आणि मशीनला आपण काय सांगतो ते कळते.

मॉडेलला एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे वेल्ड आकसतो. एंड प्लेटला एका बाजूने पूर्ण वेल्ड मारला की ती ताटलीसारखी वाकते. दोन राफ्टरच्या प्लेटा आधी एकमेकींना बोल्टने आवळा, टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) मारा, मग आळीपाळीने वेल्ड करा. तुमचा राफ्टर अर्ध्या गाळ्याचा (१८ मीटरच्या निम्म्याचा), दहास एक उतार धरला तर ९.०५ मीटरच्या आसपास, ट्रकवर मावतो. पहिली पूर्ण फ्रेम वर्कशॉपच्या आवारात जमिनीवर जुळवून बघा आणि ती बसल्याशिवाय बाकीच्या सहांच्या भोकांना हात लावू नका. मार्क रंगाने लिहिला तरी ड्रॉइंगमधल्या डाव्या टोकाला पंचनेही मारा, पावसात आणि ओढाताणीत रंग उडतो. आणि ड्रॉइंग बदलले की जुनी प्रिंट वर्कशॉपातून स्वतः गोळा करून फाडा.

संगणक १६ जीबी रॅम आणि एसएसडीचा पुरेल. लाइट जाते म्हणून यूपीएस घ्या आणि रोज संध्याकाळी मॉडेलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

नोकरीचे विचारले नाही, पण मनात असेल. पुणे, हैदराबाद, चेन्नई इथे परदेशी कामांचे डिटेलिंग खूप चालते, फूट-इंचात आणि अमेरिकन कोडवर. तिथे ज्याने स्वतः भोक पाडून बोल्ट आवळला आहे असा मुलगा लवकर पुढे जातो, कारण बाकीच्यांनी लोखंड स्क्रीनवरच पाहिलेले असते. तुमच्याकडे ते मामांमुळे आधीच आहे.

पाया खणायला सुरुवात होण्याआधी अँकर बोल्टचा प्लॅन आणि एका फ्रेमचे ड्रॉइंग इथे टाका, सगळी मापे एकाच ग्रिडपासून देऊन. बोल्टची अंतरे आणि एंड प्लेटच्या कडा मी ताडून सांगतो.